विघ्नहर्त्याचा उत्सव आणि पूररेषेतील माणसे

भाद्रपद आला, की घरोघरी श्रींची प्रतिष्ठापना होते आणि पेठापेठांतून ताशांचा गजर उठतो. विघ्नहर्त्याची आराधना करताना, विघ्न प्रथम कोणाच्या दारी येते याचाही विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. तेव्हापासून पूर म्हणजे मुठेचा, हेच समीकरण पुणेकरांच्या मनात बसले. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घात केला तो आंबिल ओढ्याने. विसर्जनास पंधरवडाही उलटला नव्हता. अरण्येश्वर भागातील टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. त्याच दिवशी डेक्कनजवळील पुलाच्या वाडीत खाद्यपदार्थांची गाडी हलविताना विजेचा धक्का बसून तिघे मृत्युमुखी पडले.

शासनाच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जमिनीची उंची सांगतात, माणसाची असहायता नव्हे. एकाच रेषेतील एक कुटुंब मोटारीतून आप्तांकडे निघून जाते. शेजारची अंथरुणास खिळलेली वृद्धा जिना उतरू शकत नाही. ज्याचे पोट हातगाडीवर आहे, तो पाणी चढत असतानाही ती सोडून जात नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आराखड्यात धोक्याची क्षेत्रे नोंदवावी लागतात. त्या क्षेत्रांत कोण एकटे आहे, कोण अपंग आहे, कोण पत्र्याखाली राहते, याचा नकाशा त्यांस जोडल्यावाचून पहिली नाव कोणत्या दारी न्यावयाची हे कळणार नाही.

हे काम केवळ सरकारी कारकुनाचे नव्हे. वर्गणीसाठी प्रत्येक जिना चढणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांइतकी घरांची माहिती दुसऱ्या कोणास असणार? पावतीपुस्तकासोबत त्यांनी एक वही ठेवावी. संमतीने नोंद घ्यावी आणि ती क्षेत्रीय कार्यालयाच्या स्वाधीन करावी. एकट्या वृद्धांची यादी फलकावर लावण्याची वस्तू नव्हे, एवढे भान मात्र हवे. वर्गणी न देऊ शकणारे घर या वहीत प्रथम यावे.

आरतीस जमणाऱ्या शेजाऱ्यांत कोण येऊ शकले नाही, हे पाहणे हीही श्रींची सेवाच होय.