फ्रिजच्या पाठीमागे बघा!

मुलांनो, सांगा बघू, फ्रिजमध्ये थंडी कुठून येते?

वर्गात विचारलं की निम्मी पोरं ओरडतात, "गुरुजी, मशीन थंडी तयार करतं!" तसं नाही बरं का. फ्रिज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो.

आपला माठ आठवा. बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. माणदेशची हवा कोरडी, म्हणून इथला माठ झकास गार होतो. कोकणातल्या दमट हवेत तेवढा होत नाही. फ्रिजच्या नळ्यांतही एक द्रव असाच वाफ होतो नि आतली उष्णता शोषतो. पण माठाचं पाणी हवेत उडून जातं (आपल्या दुष्काळी भागात ते कुणाला परवडतंय म्हणा!), फ्रिज मात्र तीच वाफ कॉम्प्रेसरने दाबून, परत द्रव करून, पुन्हापुन्हा वापरतो. तेव्हा सुटणारी उष्णता मागच्या काळ्या जाळीतून बाहेर पडते. बऱ्याच नव्या फ्रिजना जाळी दिसत नाही, त्यांच्या बाजू गरम लागतात. तो बिघाड नव्हे.

म्हणून "फ्रिज गारच करेना" म्हटलं की आधी पाठीमागे बघा. भिंतीला चिकटवलाय का? जाळीवर धुळीचा थर आहे का? वर चादर टाकलीय का? मग उष्णतेनं जायचं कुठून? चार बोटं तरी जागा सोडा. मोठ्या माणसांना प्लग काढायला सांगा नि कोरड्या ब्रशने धूळ झाडून घ्या. कितीतरी फ्रिज एवढ्यावरच सुधारतात.

आता दार. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघून आला, तर तिथलं रबर सैल झालंय किंवा मळलंय. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, तरीही नाही जमलं तर रबर बदला.

बर्फाच्या कप्प्यात जाड थर साठला, तर तो गोधडीसारखा वागतो, उष्णता नळ्यांपर्यंत पोचूच देत नाही. फ्रिज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने खरवडायचं नाही म्हणजे नाही! नळीला बारीक भोक पडलं की सगळा गॅस निघून जातो, आणि नव्या फ्रिजमधला गॅस बहुधा पेट घेणारा असतो.

लाईट गेली, लगेच आली, आणि फ्रिज नुसता "घूंऽऽ टक्" करून गप्प बसला? नळ्यांत एका बाजूला अजून दाब असतो, मोटार तो ढकलू शकत नाही. पाच मिनिटं बंद ठेवून मग चालू करा. व्होल्टेज कमी असलं तरी असाच आवाज येतो, त्याला स्टॅबिलायझर हवा. कॉम्प्रेसर दिवसभर चालतोय आणि बर्फ मात्र थेंबभर नाही, असं असेल तर मेकॅनिकलाच बोलवा.

पालकांनो, घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर हे नीट वाचा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. लाईट गेल्यावर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेला, तर बाटली कोरड्या डबीत घट्ट बंद करून ओल्या मडक्यात ठेवा. तिथे फ्रिजइतकं गार राहत नाही, पण उन्हाच्या काहिलीपासून बचाव होतो. ते इन्सुलिन पुढे वापरायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

आणि हो, भारतात गोदरेजने फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ साली. आज त्यांचा एक कारखाना आपल्याच सातारा जिल्ह्यात, शिरवळला आहे.

आता या आठवड्याचं कोडं. मे महिन्यात गण्याने खोलीची दारं-खिडक्या लावल्या आणि फ्रिजचं दार सताड उघडं ठेवलं. संध्याकाळपर्यंत खोली गार होईल की गरम? उत्तर कारणासह लिहून पाठवा.