विटेला 'स्केल' विचारणाऱ्यांनो, आधी गाडीभाडं विचारा

मागच्या आठवड्यात पुण्याला जाऊन आलो. आपल्या भुसावळ पट्ट्यातला एक पोरगा, सिव्हिल डिप्लोमा झालेला, औष्णिक केंद्राच्या राखेपासून विटा बनवतो. एका स्टार्टअप स्पर्धेत त्याला बोलावणं होतं. म्हणाला, "भाऊ, तुम्ही पण चला, इंग्रजीत बोलताना जरा धीर येईल." माझ्या इंग्रजीनं कुणाला धीर यावा, अशीही वेळ आली. गेलो. (पोरगा माझा नातेवाईक नाही आणि ही जाहिरातही नाही, आधीच सांगतो.)

पाच मिनिटं मिळाली. भट्टी नाही, लाकूड-कोळसा जाळणं नाही, शेताची वरची माती खरवडणं नाही. राख, क्रशरची कच, थोडं सिमेंट, मशीनचा दाब आणि मग पाणी मारत राहायचं, एवढंच त्यानं सांगितलं. समोरच्या साहेबांचा एकच प्रश्न. पाच वर्षांत दहा राज्यांत कसे जाणार? पोरगा खरं बोलला. "सर, मी जिल्ह्यातच विकणार." तिथंच विषय संपला. बक्षीस एका ॲपला गेलं.

आता जरा हिशोब करू. एक वीट साधारण तीन किलोची. दहा टनी गाडीत तीन हजार तीनशे बसतात. सहा रुपये दर धरा, म्हणजे गाडीभर माल वीस हजारांचा. ती गाडी चारशे किलोमीटरवर पुण्याला न्यायची तर भाडंच मालाच्या किमतीला जाऊन भिडतं. आणि एवढं डिझेल जाळून पुण्यात उतरवलेली वीट 'पर्यावरणपूरक' म्हणायची? वीट ही शे-सव्वाशे किलोमीटरच्या आतलीच वस्तू. जड आणि स्वस्त. ॲपला गाडीभाडं नसतं, हे साहेबांना कोण सांगणार?

विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास या शास्त्रज्ञ दाम्पत्यानं राख, चुना आणि जिप्सम यांची 'फॅल-जी' वीट शोधली. ती पसरली ती गावोगावच्या छोट्या कारखानदारांच्या हातून. विटेचा धंदा वाढतो तो असा.

पण गुंतवणूकदाराला शिव्या घालून मी मोकळा होणार नाही. पैसा त्याचा, हिशोब त्याचा. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे.

राखेबाबत केंद्राची पहिली अधिसूचना 1999 ची. नवी 31 डिसेंबर 2021 ची. औष्णिक केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत, दर जास्त नसेल तर, राखेपासून बनलेला माल वापरणं बंधनकारक आहे. दीपनगरवर कंपास ठेवून वर्तुळ काढा. जळगाव, धुळे, बुलढाणा, अकोला, संभाजीनगर, नाशिक, सगळे आत येतात. 2016 मध्ये महाराष्ट्रानं राखेचं स्वतंत्र धोरण आणलं, देशात पहिलं म्हणून पाठही थोपटून घेतली. राख सिंगापूर-दुबईला जाणार, या बातम्या तेव्हा मीही छापल्यात. सिंगापूर राहू द्या हो, तालुक्याच्या शाळाखोल्यांपर्यंत तरी पोचू द्या!

म्हणजे गिऱ्हाईक कोण? सरकारच. शाळा, अंगणवाडी, घरकुल, कंपाउंड वॉल. आणि हेच गिऱ्हाईक काय करतं? या पोराचा माल एका सरकारी कामावर गेला. वीट भिंतीत गेली, भिंतीला रंग लागला, उद्घाटनाचा नारळही फुटला. बिल आठ महिने झाले येतंय. ठेकेदार म्हणतो वरून आलं नाही, वरचे म्हणतात निधी नाही. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्या, असा 2006 चा कायदा आहे. तक्रारीला 'समाधान' नावाचं पोर्टलही आहे. तक्रार केली का, असं मी विचारलं. हसला. "भाऊ, तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली."

खरं सांगू का? पोराला दहा राज्यांत जायचंच नव्हतं. अडकलेल्या बिलाची भोक बुजवायला तो पुण्यात हात पसरायला गेला होता. आपल्याकडचे अर्धे 'स्टार्टअप' असेच असतात आणि आपण स्टेजवर त्यांचे सत्कार करतो.

ठेकेदारांचं एक म्हणणं मात्र मान्य करावं लागेल. काही जण सिमेंट मारतात, पुरतं पाणी देत नाहीत, आणि उतरवतानाच विटेचे तुकडे होतात. अशांनी धंद्याचं नाव खराब केलंय. पण त्यासाठी आयएस 16720 हे मानक आहे, दाब तपासायच्या प्रयोगशाळा आहेत. तपासा, नापास होईल ती परत पाठवा. जी पास झाली तिचे पैसे तरी द्या.

गेल्या दोन वर्षांत आपल्या तालुक्यातल्या सरकारी इमारतींना कोणती वीट लागली आणि विटेवाल्यांची किती बिलं थकली, याचा माहिती अधिकारात अर्ज मी सोमवारी टाकतोय. तुमच्या गावात शाळाखोली किंवा अंगणवाडीचं काम चालू असेल तर प्लास्टर व्हायच्या आत भिंतीचा फोटो काढा. गावाचं नाव घालून कमेंटमध्ये टाका. लाल असो नाहीतर राखाडी.