दिवाळीतले चार पुंजके

एप्रिल उजाडला की तळ्याकाठी पोकलेन उभे राहते. त्याचा दातेरी पंजा हिरवळीत बुडतो, गळत्या मुळांचा भारा उचलतो आणि काठावर आपटतो. ढीग लागतात, डंपर येतात, परिसरात आठवडाभर कुजका वास राहतो. पुण्यात मुळा-मुठा आणि पाषाण तलाव, मुंबईत पवई, इचलकरंजीला पंचगंगा. ठिकाण बदलते, हाल तेच. कोल्हापूरकडे याला केंदाळ म्हणतात, इतरत्र जलपर्णी. ती काढायला पैसा लागतो, याबद्दल आमची तक्रार नाही. तो पैसा चुकीच्या महिन्यात खर्च होतो, ही तक्रार आहे.

जलपर्णीचे एक रोप हातात घेऊन पाहावे. देठ मध्येच फुगलेला, बोटाने दाबला तर स्पंजासारखा दबतो. त्यातल्या हवेवर ते तरंगते. खाली काळपट-जांभळ्या मुळांचा पिसासारखा झुपका. बुंध्यातून एक आडवी फांदी पाण्यावर सरकत जाते आणि तिच्या टोकाला दुसरे रोप धरते. ते सुटले की त्यालाही तशीच फांदी फुटते. फूल मात्र देखणे, फिक्या जांभळ्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. या देखणेपणापायीच ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात आणली गेली. पुढे तिने भाताची खाचरे आणि होड्यांच्या वाटा अशा अडवल्या की १९३६ साली तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि १९३७ च्या निवडणुकीत तिला हटवण्याची वचने पक्षांना द्यावी लागली.

आता थोडे गणित. उबदार आणि सांडपाण्यावर पोसलेल्या पाण्यात जलपर्णीचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. दिवाळीत नाल्याच्या तोंडाशी एक गुंठा जलपर्णी आहे असे धरा. वीस आठवड्यांत ती दहा वेळा दुप्पट होईल, म्हणजे १,०२४ गुंठे, पंचवीस एकरांहून थोडी जास्तच. थंडीत वाढ मंदावते, त्यामुळे प्रत्यक्षात काही आठवडे जास्त लागतील. पण उन्हाळा यायच्या आत तळे झाकले जाते ते याच हिशेबाने. दाट जलपर्णीचे ओले वजन हेक्टरी २०० टनांच्या पुढे जाते. पंचवीस एकर म्हणजे दहा हेक्टर, म्हणजे किमान २,००० टन. त्यातले ९५ टक्क्यांच्या आसपास निव्वळ पाणी, आणि ते आपण डिझेल जाळून डंपरने वाहतो. दिवाळीतला तो एक गुंठा मात्र दोन माणसांनी एका होडीतून दोन-तीन दिवसांत हातांनी काढला असता.

तो एक गुंठा दिसायला मात्र कुणीतरी पाहत असले पाहिजे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे साधारण दर पाच दिवसांनी, कुणालाही फुकट मिळतात. त्यातला सर्वांत बारीक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. उपग्रहाला एक ठिपका हिरवा दिसतो तेव्हा गुंठाभर पाणी आधीच झाकलेले असते. त्याच्या आधीचे चार पुंजके दिसतात ते होडीतून. रोज पहाटे जाळे टाकणाऱ्या माणसाला ते कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या वाऱ्याने येऊन अडकतात हे पाठ असते. तळ्यातल्या मासेमार सोसायटीला आश्विन ते फाल्गुन दर महिन्याला दोन फेऱ्यांचा रीतसर मेहनताना द्यावा, सापडलेले पुंजके तिथेच उपटून होडीत घालावेत, वहीत नोंद ठेवावी. मासे टिकण्यात त्यांचे पोट आहे, तेव्हा राखणीला याहून योग्य माणूस मिळणार नाही.

ही राखण एका वर्षात संपणार नाही. जलपर्णीचे बी तळाच्या गाळात जाऊन बसते आणि पंधरा वर्षांनीही रुजू शकते. म्हणून ‘तलाव जलपर्णीमुक्त’ अशी घोषणा कुणी करू नये. तणनाशक फवारण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे. मेलेली रोपे बुडतात, कुजतात, पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे उलटे होऊन वर येतात. भुंग्यांचा उपाय खरा आहे. निओचेटिना जातीचे भुंगे १९८० च्या दशकात भारतात आणून बंगळुरूला तपासून सोडले गेले. पण त्यांना काही वर्षे लागतात आणि राहायला जलपर्णी उभी लागते. वरून यंत्र फिरवले की भुंगेही ढिगात जातात. एका पाण्यात दोन्ही उपाय एकदम करणे म्हणजे पहिल्यावरचा खर्च बुडवणे.

नाल्याचे बोलायलाच हवे. जलपर्णी वाढते ती मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी त्यात स्फुरद उरलेला असू शकतो, आणि तळ्याला तेवढा पुरतो. त्यात काढलेली जलपर्णी काठावरच सोडली तर वळवाच्या सरींबरोबर ढिगातला काळा रस पुन्हा पाण्यात उतरतो, तग धरलेली रोपेही परत तरंगू लागतात. जे बाहेर काढायला पैसे मोजले तेच खत आपण परत तळ्याला घालतो. ढीग दोन-चार दिवस निथळू द्यावा, पण बांधाच्या आड, आणि नंतर तळ्यापासून दूर नेऊन त्याचे कंपोस्ट करावे.

शेवटी ठेक्याची गोष्ट. काढलेल्या टनांवर बिल निघत असेल तर जलपर्णी जितकी वाढेल तितके बिल मोठे, आणि दिवाळीत ती उपटण्यात कुणाचाच फायदा नाही. बिल उघड्या राहिलेल्या पाण्यावर निघाले पाहिजे. डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किती एकर पाणी मोकळे होते, तेवढेच पैसे. मोजणीसाठी वेगळे कुणाला नेमायला नको. आभाळ निरभ्र असले की उपग्रहाचे छायाचित्र दर पाच दिवसांनी येतेच.