क्रम इच्छेचा, निवड हिशेबाची

जून उजाडला की औशात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते, मृगाच्या पावसाची आणि सीईटीच्या निकालाची. बाप बियाणे-खतासाठी पैशांची जुळवाजुळव करत असतो आणि मुलगा सेतू केंद्रात दाखल्यांच्या रांगेत उभा असतो. पुढे एके रात्री सारे घर मोबाइलभोवती बसते आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांचा पसंतीक्रम भरला जातो. चार वर्षांचे आयुष्य आणि काही लाखांचा व्यवहार त्या एका रात्रीत ठरून जातो. बैल घ्यायचा तर आपण दात पाहतो, चालवून पाहतो, दोन बाजार जास्त फिरतो. कॉलेजांची यादी मात्र शेजारच्या पोराने भरलेली असते, तीच उतरवून काढतो.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण यादीच नव्हती. सरकारी कॉलेजे थोडी, जागा मोजक्या आणि फी बेताची. गुण असले तर प्रवेश, नसले तर दुसरा रस्ता. 1983 साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. जागा वाढल्या, खेड्यातल्या मुलांना दारे उघडली, हे खरेच. पण प्रत्येक दाराला वेगळा दर लागला. आज पसंतीच्या अर्जात शेकडो पर्याय लिहिता येतात. मुलाच्या हातात मागच्या वर्षीच्या कटऑफचा कागद असतो. कोणत्या कॉलेजात घरातून प्रत्यक्ष किती पैसे जातील, याचा कागद कोणाच्याच हातात नसतो.

बँकेतल्या नोकरीत शैक्षणिक कर्जासाठी आलेली कितीतरी कुटुंबे मी टेबलापलीकडे बसलेली पाहिली. प्रवेश आधी झालेला असे आणि पैशांचा विचार मागाहून सुरू होई. खरे तर हा विचार यादी भरण्याआधी व्हायला हवा. त्याचे कारण प्रवेशप्रक्रियेच्या नियमातच आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. म्हणजे परवडत नसलेले कॉलेज ‘लिहून तर ठेवू, मिळाले तर बघू’ म्हणून वर टाकणे हा खेळ अंगाशी येऊ शकतो.

याचा अर्थ स्वप्ने आवरा असा नाही. वाटप गुणवत्तेने आणि तुम्ही लिहिलेल्या क्रमाने होते, त्यामुळे वर मोठे कॉलेज लिहिल्याने खालची संधी हुकत नाही. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आपल्या नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी इन्स्टिट्यूट, ही नावे जरूर वर असावीत. माझे सांगणे एवढेच की यादीचा क्रम इच्छेने लावावा, पण यादीत कोणाला जागा द्यायची हे हिशेबाने ठरवावे.

हा हिशेब छापील फीवर करता येत नाही. फीमधून मिळणारी सवलत कॉलेजाच्या प्रकारावर आणि प्रवेशाच्या वाटेवर अवलंबून असते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलाला निम्मे शिकवणी शुल्क माफ होते, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला तरच. 2024-25 या वर्षापासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना याच उत्पन्नमर्यादेत शिकवणी व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, तेही केंद्रीभूत प्रवेशालाच. व्यवस्थापन कोट्यातील जागा, खासगी आणि अभिमत विद्यापीठे यांत ही सवलत नाही. याखेरीज शिकवणी शुल्कमाफीच्या पाच टक्के जादा जागा असतात. त्यांना पसंतीच्या अर्जात वेगळा कोड असतो आणि तो वेगळा लिहावा लागतो. न लिहिणाऱ्याला ती जागा कोणी आणून देत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत. औशाच्या एका खुल्या प्रवर्गातील मुलापुढे तीन पर्याय आहेत. पहिले पुण्याचे खासगी कॉलेज: शिकवणी शुल्क 1 लाख 20 हजार, सवलतीनंतर 60 हजार. इतर शुल्क 15 हजार आणि खोली-मेस 1 लाख. वर्षाला 1 लाख 75 हजार. दुसरे एक खासगी विद्यापीठ, जाहिरातीत फी फक्त 90 हजार. सवलत काही नाही, इतर शुल्क 10 हजार, खोली-मेस 75 हजार. बेरीज तीच, 1 लाख 75 हजार. छापील फी 30 हजारांनी कमी दिसली, पण घरातून पैसा तेवढाच गेला. तिसरे नांदेड-लातूर भागातील कॉलेज, शुल्कमाफीची जागा: इतर शुल्क 15 हजार, खोली-मेस 60 हजार, एकूण 75 हजार. चार वर्षांत पहिल्या दोहोंचे 7 लाख आणि तिसऱ्याचे 3 लाख. हा 4 लाखांचा फरक कर्जाने भरायचा म्हटले तर दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत लाखामागे दरमहा सुमारे 1,320 रुपये पडतात. म्हणजे पहिल्या पगारापासून महिना सव्वापाच हजार, आणि शिकत असताना साचलेले व्याज वेगळे. पुण्याचे कॉलेज एवढ्या फरकाच्या मोलाचे असेलही. असेल तर जरूर घ्यावे, पण हा आकडा मुलाने आणि बापाने एकत्र बसून पाहिलेला असावा.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रवेशाचे पैसे जुलै ते सप्टेंबरात लागतात. सोयाबीन घरात येते ऑक्टोबरात, तूर तर डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे पेरणीत घर रिकामे झालेले असते, नेमकी तेव्हाच फी उभी राहते. त्याआधीची दोन वर्षे लातूरच्या शिकवणीत आणि खोलीभाड्यात गेलेली असतात. लातूर पॅटर्नने गुण मिळवून दिले, पण यादी भरण्याच्या दिवशी खिसाही रिता करून ठेवला. शिष्यवृत्तीचा पैसा मंजूर होऊन खात्यात यायला महिने लागतात. मधल्या काळात आडत्याची उचल किंवा सावकाराचा कागद होतो आणि सवलतीचा निम्मा लाभ व्याजात जातो. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजापुढे वर्षाचा खर्च लिहावाच, शिवाय पहिल्या दिवशी रोख किती लागेल हेही लिहावे.

कर्जाचेही तसेच. 2024 च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना तारण आणि जामीनदाराविना कर्ज देते. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही मिळते. पण ती देशातील निवडक दर्जेदार संस्थांनाच लागू आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशानंतर पाहून काय उपयोग? शिवाय महाडीबीटीचा पैसा मुलाचे आधार ज्या खात्याला शेवटी जोडले असेल त्याच खात्यात जातो. शाळेत असताना उघडलेले आणि आता बंद पडलेले खाते जोडलेले असेल तर मंजूर रक्कमही अडकते. पाऊस लागण्याआधी बँकेत एक फेरी मारून हे पाहून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीचेही तसेच.

आणि मदत शेवटच्या वर्षापर्यंत टिकेल का? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबियाला गेले. ती मुदत संपली तेव्हा 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. पैसे जमवून ते 1920 मध्ये पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. तेवढी जिद्द प्रत्येकाकडे कोठून येणार? आपल्या शिष्यवृत्त्यांचे दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना खोली-मेसचा भार हलका करतात, पण त्यांचे अर्जही दर वर्षी वेळेत जावे लागतात. दुसऱ्या वर्षी पैसे संपून घरी परतलेला मुलगा पदवी तर गमावतोच, पहिल्या वर्षाचे कर्जही घेऊन येतो. आणि घरात दोघे शिकत असतील तर आधी थांबवली जाते ती मुलगी, हे आपण सारे जाणतो.

सरकारनेही थोडे करावे. शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी कॉलेजची फी ठरवते, म्हणजे आकडे सरकारपाशी आहेतच. मग पसंतीच्या अर्जात कॉलेजच्या कोडपुढे एकूण शुल्क, लागू असलेली सवलत आणि प्रवेशाच्या दिवशी भरायची रक्कम, हे तीन आकडे का छापू नयेत? सवलतीची रक्कम आधी विद्यार्थ्याकडून घेऊन मागाहून परत देण्याची रीतही बंद व्हावी. परताव्याची वाट पाहण्याची ऐपत असती तर त्या घराला सवलतीची गरज कशाला पडली असती?

तोवर हे काम घरालाच करावे लागेल, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग गणिताचा नाही. आपल्याकडे बाप मुलाला घरावरचे कर्ज सांगत नाही. पोराच्या मनावर ताण नको, असे त्याला वाटते. मुलगा आपली खरी इच्छा सांगत नाही. बापाला ओझे नको, असे त्याला वाटते. दोघांच्या मायेत यादी चुकते. अठरा वर्षांच्या मुलाला सातबाऱ्यावरचा बोजा कळतो, सोसायटीचे कर्जही कळते. त्याला ते सांगावे. आईलाही त्या बैठकीत बसवावे, कारण महिन्याचा किराणा किती कमी करता येतो हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते. हिशेब मांडल्यावर एखादे मोठे नाव यादीतून जाईल, तर एखादे अशक्य वाटलेले नाव शुल्कमाफीच्या कोडने यादीत येईलही. मग जे नाव राहील, त्याचा खर्च घराने समजून उमजून स्वीकारलेला असेल, आणि मुलगा चार वर्षे मान वर करून शिकेल.