आच न लावता शिजणारा बर्फ

बंगळुरूत बसचा कंडक्टर अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ अशीच हाक देतो, ती म्हणजे भारतीय विज्ञान संस्था. १९३९ साली सुट्टीवर भारतात आलेले होमी भाभा महायुद्धामुळे केंब्रिजला परतू शकले नाहीत आणि इथे रुजू झाले. सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांनी वैश्विक किरणांवर संशोधन सुरू केलं.

‘किरण’ हे नाव तसं फसवंच. हे असतात कण, बहुतेक प्रोटॉन, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे. आपल्यावर हवेचं जाड पांघरूण आहे, म्हणून ते थेट आदळत नाहीत. तरी हवेवर आपटून त्यांच्यापासून तयार झालेला एखादा म्यूऑन दर सेकंदाला तुमच्या तळहातातून आरपार जातो. हो, आत्ता मोबाइल धरलाय त्या हातातूनसुद्धा!

अंतराळातल्या बर्फाला मात्र पांघरूण नाही. कण आत घुसला की पाण्याचे, मिथेनचे, कार्बन मोनॉक्साइडचे रेणू तुटतात आणि तुकडे नव्या जोड्या जमवतात. उणे २५० अंशांच्या थंडीतही! हलका हायड्रोजन उडून जातो, कार्बन मागे राहतो आणि बर्फावर तांबूस, काळपट साय धरते. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान ज्याच्या जवळून गेलं, तो नेपच्यूनपलीकडचा अॅरोकॉथ असाच तांबडा दिसला.

आता पाहुण्याकडे वळू. १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या दुर्बिणीला ३आय/अॅटलस हा धूमकेतू दिसला. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला, आपल्याला माहीत असलेला हा तिसराच पाहुणा. ऑगस्टमध्ये जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड आढळला. त्याचा जन्मच तशा थंड जागी झाला असेल, हे एक स्पष्टीकरण. दुसरं मला जास्त विचारात पाडतं: अब्जावधी वर्षांच्या प्रवासात वैश्विक किरणांनी वरच्या १५-२० मीटर थरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड केला असेल. तसं असेल, तर जी वाफ आपण तपासली ती त्याच्या माहेरची नव्हे, वाटेवरची. माहेरचा बर्फ त्या सायीखाली, आणि धूमकेतू तर ऑक्टोबरअखेर सूर्याला वळसा घालून परतीला लागला.