गाडलेला पाइप आणि सातबाऱ्याची पिशवी



उन्हाळा लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात शिवारोशिवारी जेसीबीचा आवाज सुरू होतो. शेततळे, बांधबंदिस्ती, नवी पाइपलाइन, सगळे मृगाच्या आत उरकायची घाई. आणि याच घाईत जुना पाइप फुटतो, मोटारीची केबल तुटते.

मागे कळंब तालुक्यातल्या एका वस्तीवर असेच झाले. दोघा भावांनी शेततळे खोदायला घेतले आणि तासाभरात पाइप फुटला. तो वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी गाडलेला. वडील गेले, त्यांच्याबरोबर पाइपाची वाटही गेली. खाली दीड एकर ऊस पाण्यावाचून उभा. पाइप पुढे कुठे वळतो हे कळल्याशिवाय ना खोदता येईना, ना जोडता येईना.

शेवटी शहरातून जमिनीखालचे पाइप शोधणारे यंत्र बोलावले. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग सिग्नल सोडतो. त्याचे एक टोक लोखंडी पाइपाला किंवा वीज बंद केलेल्या केबलला चिमट्याने जोडतात, दुसरे जमिनीत ठोकलेल्या खुंटीला. धातूतून प्रवाह वाहू लागला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. दुसरा भाग हातात धरून चालायचे. त्यातल्या तारेच्या वेटोळ्याला ते क्षेत्र जाणवले की आवाज येतो आणि बरोबर पाइपाच्या वर आलो की तो सर्वांत मोठा होतो. पाणाड्याच्या नारळासारखा हा अंदाज नव्हे. पण यंत्रालाही मर्यादा आहेत.

इथे विहिरीजवळच्या लोखंडी पाइपापर्यंत यंत्र वाजले आणि पुढे गप्प झाले. पुढे पीव्हीसी होता. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून यंत्राला तो दिसत नाही. ऑप्टिकल फायबर काचेची. सोबत धातूची तार नसेल तर तीही दिसत नाही. रेडिओलहरी सोडून पाहणारे रडारही असते. कोरड्या वाळूत ते चांगले चालते, पण आपल्या ओलसर काळ्या जमिनीत लहरी थोड्याच खोलीवर जिरतात.

इतका वेळ बांधावर बसलेली त्या भावांची आई तेव्हा म्हणाली, "आरं, तितं खडक लागला व्हता. तुज्या बानं चर जांभळीकडनं वळवला. भाकर घिऊन मीच येत व्हते की."

आईला आधी कोणी विचारलेच नव्हते. जांभळीचा आता नुसता बुंधा उरला होता. तिथे फावड्याने उकरले, तर अडीच फुटांवर पाइप. मग फुटक्या तोंडातून आत तार सरकवली, ती पुढच्या वाल्वपाशी बाहेर काढून खुंटीला बांधली आणि तारेला सिग्नल दिला. यंत्र वाजू लागले. मागे मागे फक्की टाकत गेलो आणि संध्याकाळच्या आत पाइपाचा सगळा मार्ग जमिनीवर उमटला.

यावरून घ्यायच्या गोष्टी अशा:

१. नवा पाइप पुरताना त्याच्या अंगालगत आवरण असलेली तांब्याची तार टाका. दोन्ही टोके वाल्वपाशी वर काढून ठेवा. पुढे कधीही यंत्राला मार्ग सापडेल.

२. चर बुजवण्याआधी विहिरीचा कठडा आणि हद्दीचा दगड अशा दोन पक्क्या खुणांपासून प्रत्येक वळणाचे अंतर मोजा. झाडाची खूण धरू नका. कागदावर आकृती काढा, फोनवर फोटो घ्या आणि कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.

३. मोटारीच्या केबलवर वाळू आणि विटांचा थर द्या. खोदणाऱ्याला आधी वीट लागली तर तो थांबेल.

४. खोदण्याआधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. यंत्र गप्प राहिले म्हणजे खाली काही नाही, असे समजू नका. पाइप किंवा केबल जवळ आली की पहार बाजूला ठेवा, फावड्याने हळू उकरा.

५. बकेट चालू केबलला लागलीच, तर ड्रायव्हरने जागेवरच बसून राहावे, बाकीच्यांनी दूर राहावे. १९१२ वर कळवून वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी यंत्राला हात लावू नये.

रस्त्याकडेला खोदायचे असेल तर ग्रामपंचायत, पाणीपुरवठा, महावितरण आणि दूरसंचारवाल्यांना आधी विचारा. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केले, ते अशा खोदाईची आगाऊ सूचना देण्यासाठीच. पण तुमच्या विहिरीपासून तुमच्या उसापर्यंतचा पाइप त्यात सापडणार नाही. तो फक्त तुमच्या घरातल्या माणसांना ठाऊक असतो.

म्हणून जेसीबीला सांगावा धाडण्याआधी एवढे करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेतात न्या, ती दाखवतील तशी काठीने रेघ ओढा आणि ती रेघ त्याच दिवशी कागदावर उतरवा. कागद करायला एक दुपार पुरते.