प्रबंध कपाटासाठी की रुग्णासाठी?

एम.डी. वा एम.एस. व्हायचे तर प्रबंध लिहावाच लागतो. निवासी डॉक्टर रात्रपाळ्या आणि वॉर्ड सांभाळून तो कसाबसा पुरा करतो. पदवी मिळते आणि बहुतेक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन पडतो. यात नुकसान अखेर रुग्णाचे होते.

संशोधनाला परदेशी प्रयोगशाळाच हवी, हा समज मला पटत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील गुण रुग्णांवर तपासला. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तो लेख आला आणि जगाने दखल घेतली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ साली त्या 'लॅन्सेट'ने छापल्या. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी घटले. दोघांचेही भांडवल एकच: खाटेवरचा प्रश्न आणि चिकाटी.

२०२० च्या नियमांनी पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायचे ठरले. तिथल्या रुग्णांचा एखादा प्रश्न प्रबंधाला आधीच जोडून दिला, तर ते तीन महिने सत्कारणी लागतील. त्यासाठी अध्यापकांची रिकामी पदे भरावीत आणि विद्यार्थ्याला आठवड्यातून एक दिवस मोकळा द्यावा.

घरातली मुलगी डॉक्टर झाली, की आपण विचारतो, 'दवाखाना कुठे काढणार?' 'प्रबंधात काय सापडले?' हेही विचारायला हवे.